सोळा दिवस, पाच सामने आणि एकच चालक: डेन्व्हर ते सॅन फ्रान्सिस्को

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैमध्ये पत्नी आणि मुले कोल्हापूरला असताना आपल्याला सोळा दिवसांची सुट्टी मिळते आहे. टेक्सासहून विमानाने डेन्व्हरला यायचे, तिथे भाड्याची गाडी घ्यायची, ती सॅन फ्रान्सिस्कोला सोडून परतायचे आणि वाटेत एकट्याने सात बेसबॉल मैदाने व सहा राष्ट्रीय उद्याने पाहायची, असा बेत आहे. आपण ठिकाणांचा क्रम दिला आहे, रोजचे मैल मांडले आहेत आणि क्रम बरोबर आहे का, मैल फार होत नाहीत ना, एवढेच विचारले आहे.

क्रम ठीक आहे आणि मैलही फार नाहीत. सोळा दिवसांत दोन हजारांच्या आसपास मैल कोणीही आरामात चालवील. अडचण अशी की आपण यादी नकाशा समोर ठेवून केली आहे आणि हा प्रवास नकाशावर ठरत नाही, दिनदर्शिकेवर ठरतो. ग्रँड कॅन्यन मंगळवारी गेलात तरी तिथेच असते आणि शुक्रवारी गेलात तरी तिथेच असते. स्टेडियमही तिथेच असते, पण संघ मात्र निम्मा काळ दुसऱ्या गावी खेळत असतो. शिवाय गाडी चालवणारे आपण एकटे आहात, त्यामुळे सामना रात्री किती वाजता संपला यावर दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय आपल्या नशिबी आहे की नाही, हे ठरते. या दोन गोष्टींपासून सुरुवात केली की बाकीचा बेत पुष्कळसा आपोआप बसतो. मी राहतो डेन्व्हरच्या परिसरात आणि उन्हाळ्यातले असे प्रवास बरीच वर्षे याच पद्धतीने आखत आलो आहे.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, त्या आधीच सांगतो. सुट्टीच्या तारखा आठवडाभर मागे-पुढे होऊ शकतात का, हे सर्वांत महत्त्वाचे. उन्हाचा त्रास किती होतो आणि सलग पाच तास गाडी चालवण्याची सवय आहे का, हे आपणच जाणता. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा शुल्क दिशेप्रमाणे आणि तारखेप्रमाणे पुष्कळ बदलते, म्हणून डेन्व्हरहून निघण्याचा आणि सॅन फ्रान्सिस्कोहून निघण्याचा असे दोन्ही दर पाहून ठेवा. मार्ग उलटा केल्याने काही बिघडत नाही, आणि कधी कधी उलट दिशेनेच सामने जुळतात.

आता वेळापत्रकाकडे येऊ. नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे कोणत्याही एका तारखेला एखादा संघ घरी असण्याची शक्यता जेमतेम निम्मी. पाच शहरे आणि पाच ठरलेल्या तारखा निव्वळ योगायोगावर सोडल्या, तर पाचही ठिकाणी सामना मिळण्याची शक्यता साधारण बत्तीसात एक. आपल्या सात मैदानांसाठी ती एकशे अठ्ठावीसात एक होते. विश्रांतीचे दिवस धरले तर आणखी कमी. आपल्या यादीतल्या तारखा तपासल्यावर तीन ठिकाणी संघ बाहेरगावी निघाला, असे आपण लिहिले आहे. त्यात नशिबाचा काहीच दोष नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो कागदावरच नीट होतो. एका मोठ्या कागदावर आडव्या ओळी संघांच्या करा: डेन्व्हर, फिनिक्स, सॅन दिएगो, लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को, आपल्या मार्गाच्या क्रमाने. उभे रकाने तारखांचे, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. संघ घरी असेल ते चौकोन पेन्सिलीने भरा. संघ घरी आला की बहुधा सहा ते दहा सामने सलग घरीच खेळतो, त्यामुळे कागदावर सुटे ठिपके न दिसता आठवड्या-आठवड्याचे पट्टे दिसतील. आता एका वेगळ्या कागदाच्या पट्टीवर त्याच मापाने आपला प्रवास लिहा: पहिला दिवस डेन्व्हर, नववा फिनिक्स, अकरावा सॅन दिएगो, बारावा लॉस एंजलिस, पंधरावा सॅन फ्रान्सिस्को. ही पट्टी तारखांवरून डावी-उजवीकडे एकेक दिवस सरकवत जा आणि किती खुणा भरलेल्या चौकोनांवर पडतात ते पाहा. चार किंवा पाच पडल्या की ती आपली निघण्याची तारीख. मार्ग वाकवून सामने गाठण्यापेक्षा तारीख सरकवून गाठणे फार स्वस्त पडते. दिवस खरोखरच पक्के असतील, तर प्रत्येक शहराला एक-एक दिवसाची ढील द्या. तेवढ्यानेही बरेच जुळते.

वेळापत्रक वाचताना तीन गोष्टी ध्यानात असू द्या. पहिली, सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते. दुसरी, मालिकेचा शेवटचा सामना आठवड्याच्या मधल्या दिवशी आला तर तो पुष्कळदा दुपारी ठेवतात, कारण पाहुण्या संघाला त्याच संध्याकाळी विमान गाठायचे असते. रविवारचे सामनेही बहुतेक दुपारीच असतात. तिसरी, जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार, म्हणजे निवडक नामवंत खेळाडूंच्या, सामन्यासाठी नियमित सामने थांबतात: सोमवार ते बुधवार नक्कीच आणि बहुतेक संघांना गुरुवारीही. हा खंड आपल्या सुट्टीत येत असेल तर तो टाळू नका, उलट त्याचा उपयोग करून घ्या. युटा राज्यातले मोआब ते ग्रँड कॅन्यन हा सगळा टापू मैदानांपासून लांब आहे. तिथले चार दिवस नेमके या खंडात बसवले तर आपला एकही सामना बुडत नाही.

सात मैदानांपैकी मी पाच ठेवीन. अ‍ॅनाहाइम आणि लॉस एंजलिस ही एकाच महानगरातली दोन मैदाने दोन दिवस खातात आणि ते दोन दिवस वाहतुकीत जातात. तिथले दोन्ही संघ बहुधा आळीपाळीने घरी असल्यामुळे जो घरी असेल तो पाहावा आणि पुढे निघावे. सॅक्रामेंटोचे मैदान हे मुळात खालच्या दर्जाच्या संघाचे आहे. ओकलंड सोडून लास वेगासला निघालेला अ‍ॅथलेटिक्स संघ २०२५ पासून तिथे तात्पुरता उतरला आहे. मैदान छोटे असल्याने खेळ अगदी जवळून दिसतो, पण त्यासाठी योसेमिटीचा एक दिवस कापावा, असे मला वाटत नाही.

रात्रीच्या सामन्याचा हिशेब आता तपशिलाने मांडतो, कारण एकट्या प्रवाशाचा बेत बहुतेक इथेच फसतो. सामना पावणेसात ते सव्वासातच्या सुमारास सुरू होतो. २०२३ मध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावा म्हणून घड्याळ आल्यापासून नऊ इनिंगचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. त्याआधीच्या वर्षी तो तीन तासांच्या वर जात असे. तरीही साडेनऊ-पावणेदहा वाजतात, बरोबरी झाली तर अधिक. गर्दीतून बाहेर पडून खोलीवर पोहोचेपर्यंत अकरा, आणि डोके शांत होऊन झोप लागेपर्यंत बारा. अशा रात्रीनंतर पहाटे चारला उठून डोंगर गाठायचा, असे आपण दोन ठिकाणी लिहिले आहे. दोघे चालक असते तर मी हो म्हटले असते.

म्हणून माझा नियम असा: रात्रीच्या सामन्यानंतर गाडीला हात लावायचा नाही. मुक्काम मैदानापासून चालत किंवा एका ट्रामच्या अंतरावर घ्यायचा, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, कारण पार्किंगचे पैसे आणि तासभराची दगदग दोन्ही वाचतात. दुसऱ्या दिवशी नऊनंतर निघायचे आणि चार तासांहून जास्त चालवायचे नाही. लांबचे टप्पे सामना नसलेल्या दिवशी, आणि तेही सकाळी. सकाळचे कारण केवळ उत्साहाचे नाही. आपला मार्ग बहुतांशी पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी पाच-सहापासून मावळेपर्यंत थेट डोळ्यांत येतो. अंधार पडल्यावर डोंगराळ भागात हरणे आणि एल्क रस्त्यावर येतात, नवाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या भूमीत मोकळी गुरे आणि घोडे असतात. ताशी सत्तर मैलांवर यांपैकी काहीही आडवे आले तर सावरायला वेळ मिळत नाही.

डेन्व्हरपासून सुरुवात करायची आहे, आणि तिथला सामना पहिल्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. याला दोन कारणे आहेत. आपण समुद्रसपाटीच्या जवळून येणार आणि रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. आल्या आल्या तिथे गेलात तर डोकेदुखी आणि धाप ठरलेली. शहर स्वतःच ५,२८० फुटांवर, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवर आहे. तिथे एक-दोन रात्री काढा, पाणी भरपूर प्या आणि मग वर जा. दुसरे कारण पावसाचे. आपल्या पाच मैदानांपैकी जुलैत पावसाची खरी भीती फक्त डेन्व्हरलाच आहे. फिनिक्सला छप्पर आहे आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्या महिन्यात पाऊस जवळजवळ नसतोच. सामना रद्द झाला तर तिकीट पुढच्या तारखेला चालते, पण तोवर आपण युटामध्ये असणार. म्हणून डेन्व्हरचे तिकीट मालिकेच्या पहिल्या सामन्याचे घ्या आणि दुसरा दिवस मोकळा ठेवा. प्रत्यक्षात रद्द होण्यापेक्षा तासभर खोळंबाच जास्त वेळा होतो, कारण इथली वादळे दुपारी डोंगरावर जमतात, संध्याकाळी शहरावरून जातात आणि आकाश पुन्हा मोकळे होते. हेच लक्षात ठेवून डोंगरातली पायपीट पहाटे सुरू करून दुपारी बाराच्या आत झाडांच्या रेषेखाली, म्हणजे जिथवर झाडे उगवतात त्या उंचीखाली, उतरायचे असते. उघड्या कड्यावर विजा हा थट्टेचा विषय नाही.

१९९५ साली उघडलेल्या कूर्स फील्ड या डेन्व्हरच्या मैदानावर पहिल्या बेसच्या, म्हणजे फलंदाजाच्या मागून पाहता उजव्या, बाजूला, वरच्या मजल्यावर तिकीट घ्या. ते स्वस्त असते, आणि तिथून डाव्या बाजूच्या मैदानापलीकडे रॉकी पर्वताची रांग दिसते व सूर्य तिच्यामागे मावळतो. खेळ आणि निसर्ग एकाच तिकिटात मिळण्याची अशी ठिकाणे थोडी आहेत. वरच्या मजल्यावरची विसावी ओळ जांभळ्या खुर्च्यांची आहे; ती बरोबर एक मैल उंचीची खूण. विरळ हवेत चेंडू जास्त लांब जातो आणि त्याला वळणही कमी मिळते, म्हणून मैदान मुद्दाम प्रशस्त ठेवले आहे आणि २००२ पासून चेंडू दमट खोलीत साठवतात, जेणेकरून ते कोरडे होऊन जास्त उसळू नयेत. एवढे करूनही इथे धावा जास्त होतात. पहिलाच सामना इथे पाहिलात तर पुढच्या मैदानांवरचा संथपणा आपल्याला लगेच जाणवेल. विमानतळावरून रेल्वे थेट युनियन स्टेशनला येते आणि तिथून मैदान चालत गाठता येते. म्हणून गाडी पहिल्या दिवशी घेऊच नका, शहर सोडताना घ्या. दोन दिवसांचे भाडे वाचेल.

डेन्व्हर ते मोआब सुमारे ३५५ मैल. ग्लेनवुड कॅन्यनमधून जाणारा महामार्ग स्वतःच पाहण्यासारखा असल्यामुळे हा दिवस कंटाळवाणा होत नाही. मोआबला दोन रात्री पुरतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी आर्चेस उद्यानात फिरण्यात काही अर्थ नाही; सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि मग संध्याकाळी सहानंतर, एवढेच. आर्चेस आणि रॉकी माउंटन या दोन्ही उद्यानांनी अलीकडच्या वर्षांत प्रवेशासाठी वेळेचे आरक्षण लावले होते आणि हे नियम दर हंगामाला बदलतात, तेव्हा तारखा ठरल्या की त्याच दिवशी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. मेसा व्हर्डे उद्यान सुंदर आहे, पण या मार्गावरून ते बाजूला पडते. मी ते सोडीन.

मोआबहून मॉन्युमेंट व्हॅली अडीच-तीन तासांवर आहे. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, नवाहो लोकांचे स्वतःचे उद्यान आहे, त्यामुळे केंद्र सरकारचा वार्षिक पास इथे चालत नाही आणि वेगळे शुल्क द्यावे लागते. आतला सतरा मैलांचा रस्ता कच्चा आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, म्हणून स्थानिक नवाहो मार्गदर्शकाच्या जीपमधून संध्याकाळची फेरी करावी. एकट्यालाही जागा मिळते, आणि जिथे खाजगी गाड्या सोडत नाहीत तिथपर्यंत ते नेतात.

इथे घड्याळाचा एक गुंता आहे. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत अ‍ॅरिझोना राज्य पाळत नाही, पण त्याच राज्यातली नवाहो भूमी पाळते. म्हणजे मोआबला जे घड्याळ तेच मॉन्युमेंट व्हॅलीला. पुढे कॅमेरॉन गावावरून ग्रँड कॅन्यनच्या पूर्व दारातून आत शिरलात की एक तास मागे. फोन ज्या मनोऱ्याला जोडला जाईल त्याची वेळ दाखवतो आणि सीमेच्या आसपास तो मागे-पुढे होत राहतो. जीपची वेळ, सूर्यास्त आणि पुढे फिनिक्सचा सामना, या तिन्ही वेळा कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येकीपुढे ती कुठली वेळ आहे तेही लिहा. फिनिक्स आणि कॅलिफोर्निया यांची वेळ उन्हाळ्यात एकच असते, त्यामुळे तिथून पुढे हा प्रश्न उरत नाही.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर दोन रात्री द्या. पूर्वेकडून येताना डेझर्ट व्ह्यू इथे १९३२ चा दगडी मनोरा लागतो, तिथेच पहिला थांबा घ्यावा. काठाची उंची सुमारे सात हजार फूट असल्याने संध्याकाळ जुलैतही सुखद असते, आणि त्यामुळेच माणूस फसतो. खाली उतरावे तसे तापमान वाढत जाते आणि तळाशी ते १०० अंश फॅरनहाइटच्या पुष्कळ वर जाते. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागतो, हे गणित करूनच वाट धरा. एकट्याने असाल तर सकाळी तासभर उतरून परत फिरणे पुरेसे आहे.

ग्रँड कॅन्यन ते फिनिक्स २३० मैल, म्हणजे पावणेचार तास धरा. हा टप्पा रविवारी मुळीच ठेवू नका. फिनिक्सचे लोक उकाड्याला कंटाळून शनिवार-रविवारी फ्लॅगस्टाफच्या थंडाव्यात येतात आणि रविवारी दुपारी सगळे एकाच घाटातून खाली उतरतात. एखादा अपघात झाला तर निम्मा सामना गाडीतच जाईल. मंगळवार-बुधवार उत्तम. फिनिक्सचा उकाडा म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता. म्हणूनच १९९८ च्या चेस फील्डला सरकते छप्पर आणि वातानुकूलन आहे. डेन्व्हरच्या मोकळ्या आकाशानंतर हे मैदान एखाद्या प्रचंड सभागृहासारखे वाटते आणि मला ते फारसे आवडत नाही, पण बेतामध्ये त्याचा फायदा मोठा आहे: तिथला सामना हवामानामुळे चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी फिनिक्स ते सॅन दिएगो ३५५ मैल वाळवंटातून आहेत, आणि इथे मात्र मी माझाच नियम मोडतो. आदला सामना रात्रीचा असला तरी सकाळी साडेसहाला निघावे, कारण वाटेतल्या युमा गावाच्या आसपासचे ऊन दहानंतर गाडीलाही सोसत नाही. कॅलिफोर्नियात शिरल्यावर वाळूच्या टेकड्या लागतात आणि नंतर मोठा चढ येतो, जिथे इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करण्याच्या सूचना रस्त्याकडेला लावलेल्या आहेत, त्या मानाव्यात. गाडीत चार-पाच लिटर पाणी ठेवा आणि पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. त्या संध्याकाळी सामना ठेवायचा नाही, समुद्रावर जायचे.

सॅन दिएगोचे पेटको पार्क (२००४) आपल्याला बहुधा सर्वांत जास्त आवडेल. डाव्या कोपऱ्यात १९०९ सालची विटांची जुनी इमारत न पाडता मैदानातच सामावून घेतली आहे आणि तिचा कोपरा हाच फाउलचा, म्हणजे खेळाची हद्द दाखवणारा, खांब आहे. लॉस एंजलिसचे डॉजर स्टेडियम १९६२ चे; बोस्टन आणि शिकागोनंतर वयाने तिसरे. पार्किंगच्या भानगडीत न पडता लॉस एंजलिसच्या युनियन स्टेशनवरून सामन्याच्या तिकिटावर मोफत बस मिळते, तिने जावे. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे अगदी वरच्या मजल्यावरून सॅन गॅब्रिएल डोंगर दिसतात. शोहेई ओहतानी हा नामवंत जपानी खेळाडू त्या संघात आल्यापासून तिकिटे महाग झाली आहेत, आणि नेमका इथेच एकट्याला फायदा होतो: जोड्या विकल्या गेल्यावर मधली एखादी सुटी खुर्ची उरते आणि सामन्याच्या दिवशी दुपारी तिचा भाव उतरतो. त्यामुळे मी डेन्व्हरखेरीज कुठलेच तिकीट फार आधी घेत नाही. ज्या दिवशी फटाके असतात किंवा न्यूयॉर्कचा संघ पाहुणा असतो, ते दिवस याला अपवाद आहेत.

लॉस एंजलिसहून वर जाताना सिकोया आणि योसेमिटी यांपैकी एकच निवडा. योसेमिटी पूर्वी पाहिले नसेल आणि प्रवास जुलैच्या पूर्वार्धात असेल तर योसेमिटी. महिना संपत आला की तिथले धबधबे आटत जातात आणि मग सिकोयातली घनफळाने जगातली सर्वांत मोठी झाडे हा चांगला पर्याय ठरतो. दोन्हीकडे जाताना फ्रेस्नो लागते किंवा जवळून जाते. लॉस एंजलिसचा सामना जुळलाच नाही, तर फ्रेस्नोचा छोट्या दर्जाचा संघ घरी आहे का ते पाहा. तो डेन्व्हरच्याच संघाच्या शाखेतला आहे. पहिल्या रात्री ज्यांना पाहिले त्यांच्या जागी पुढे येऊ पाहणारी विशीतली मुले अगदी पुढच्या रांगेतून थोड्या पैशांत पाहायला मिळतात.

सॅन फ्रान्सिस्कोला शक्यतो दुपारचा सामना निवडा. ओरॅकल पार्क (२०००) उपसागराच्या अगदी काठावर आहे. उजव्या भिंतीवरून गेलेला चेंडू पाण्यात पडतो आणि तो पकडायला लोक लहान होड्यांमधून थांबलेले असतात. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेवरून पूल, पाणी आणि मैदान एकत्र दिसते. मात्र जुलैतही तिथे संध्याकाळी बोचरा वारा सुटतो. फिनिक्सच्या विचाराने भरलेल्या बॅगेत एक जाड जाकीट असलेच पाहिजे. मैदानावर जाण्याआधी सामान खोलीवर ठेवा. मोठ्या शहरांत काचेतून दिसणारी बॅग म्हणजे काच फोडण्याचे आमंत्रण असते, आणि एकट्याचे सगळेच सामान त्या एका गाडीत असते.

दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूला बसावे. फलंदाजाच्या डोळ्यांत मावळतीचे ऊन येऊ नये म्हणून मैदाने साधारण ईशान्य-पूर्वेकडे तोंड करून बांधतात, त्यामुळे होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसकडे सावली आधी येते. पाठीवरच्या पिशव्यांना काही मैदानांवर बंदी आहे, म्हणून लहान कापडी पिशवी बाळगा. घरचे खाणे आणि बंद बाटलीतले पाणी बऱ्याच मैदानांवर चालते; प्रत्येकाचा नियम आधी वाचून घ्या. आपण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, तेव्हा आत मिळणारे लसणीचे फ्राइज, भाजलेल्या शेंगा आणि प्रेट्झेल यांवर पाच सामने काढण्यापेक्षा सोबत काहीतरी असलेले बरे. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी तीन-चार दिवस टिकते. पुढे मोठ्या गावांत भारतीय दुकाने आहेतच.

एकट्याने तीन तास करायचे काय, हा आपला शेवटचा प्रश्न. धावपत्रक भरा. एक कोरी वही आणि पेन्सिल पुरते. खेळाडूंच्या जागांना एक ते नऊ आकडे असतात: पिचर एक, फलंदाजामागे बसणारा कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, याप्रमाणे. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या सहा आकड्याच्या खेळाडूने, चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे दिला आणि तिथून पहिल्या बेसकडे जाऊन दोघे बाद झाले, तर वहीत फक्त ६-४-३ लिहायचे. फलंदाज बॅट फिरवताना चुकून बाद झाला तर के हे रोमन अक्षर, आणि नुसता पाहत उभा राहून बाद झाला तर तेच अक्षर उलटे. दोन इनिंगमध्ये हात बसतो. लहानपणी क्रिकेटचा धावफलक वहीत मांडला असेल तर आपल्याला हे शिकवावेही लागणार नाही. शेजारचा म्हातारा गृहस्थ चौथ्या-पाचव्या इनिंगला वाकून वहीत पाहतोच, आणि बोलणे आपोआप सुरू होते.

घरच्यांशी संपर्काचेही एक वेळापत्रक ठरवून ठेवा. डेन्व्हरला रात्री साडेनऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ असतात, म्हणजे सामना संपता संपता फोन करणे दोन्हीकडे सोयीचे. मोआब ते ग्रँड कॅन्यन या पट्ट्यात मात्र तासन्‌तास संपर्क नसतो. तिथला नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, आणि त्या चार दिवसांत रोज कुठे मुक्काम आहे व किती वाजेपर्यंत निरोप येईल, हे त्यांना लिहून द्या, नाहीतर तिकडे विनाकारण काळजी सुरू होईल.

खर्चात उद्यानांचा वार्षिक पास धरा; अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तो ८० डॉलरचा आहे आणि आपली चार उद्याने होणार असल्याने तो वसूल होतो. २०२६ पासून देशाबाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी दर बरेच जास्त आहेत, म्हणून इथल्या पत्त्याचा वाहन परवाना प्रवेशद्वारावर हाताशी ठेवा.

दिवस कमी करावे लागले, तर मी आधी मोआबची दुसरी रात्र काढीन, त्यानंतर लॉस एंजलिसचा सामना. डेन्व्हरचा मोकळा दिवस आणि ग्रँड कॅन्यनची दुसरी रात्र काढू नका. सामना पुढे ढकलला गेला किंवा रस्ता बंद झाला तर सगळा बेत त्या दोन जागांवरच सावरता येतो. निघण्याच्या तारखा आणि पट्टीवर जुळलेले सामने कळवलेत तर मुक्कामाची गावे सुचवीन; मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यनची खोली मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता आजच पाहायला घ्या, कारण जुलैत तिथे आयत्या वेळी काहीच उरत नाही.